दुसरा झेंडा

हँडल मी वळवलं नाही. ते वळलं. एवढंच मले खात्रीनं सांगता येते. बेसा रोडवर, शाळेच्या गेटसमोर, स्पीडब्रेकर संपते तिथं रस्त्यावर एक झेंडा अंथरला होता. चारी कोपऱ्यांवर विटेचे तुकडे. बाजूले सात-आठ जण मोबाईल घेऊन उभे, आणि येणारी-जाणारी प्रत्येक गाडी त्याच्यावरून जाऊन राहिली होती. माझ्यापुढं ऑटो गेला, पाण्याच्या कॅनचा छोटा हत्ती गेला, एक बाई स्कुटीवर गेली, तिनं खाली पाहिलंसुद्धा नाही. मग मी. आणि हँडल वळलं. चाक गिट्टीवर गेलं, गाडी घसरली, मी डाव्या गुडघ्यावर पडलो आणि माझं तोंड त्या कापडापासून हातभर अंतरावर आलं. निळं साटीन. पांढरी तिरपी पट्टी, तिच्यात लाल. लाल पट्टीच्या कडेले वीतभर टाका बाकीच्यापेक्षा जरासा काळपट होता. लाल रीळ संपलं होतं त्या दिवशी. मी मरून रंगाचा दोरा लावला होता, कोणाले दिसते म्हणून. मले दिसला.

"अबे रोशन! तू आहे का बे?" सुशीलभाऊनं बखोटीले धरून मले उठवलं. गाडी पण त्यानंच उचलली. त्याच्या संघटनेचे झेंडे, पताका, गमछे, सगळं आमच्या दुकानातून जाते. चार वर्षांपासून डिलिव्हरी घ्यायले तोच येते. "लागलं का? दाखव. अरे काही नाही, खरचटलं. आता उतरलाच आहे तं एक बार पाय पुसून घे त्याच्यावर. व्हिडिओ काढून राहिलो."

"गुडघा फुटला ना भाऊ."

"गुडघ्यानं थोडी पुसा लागते!"

सगळे हसले. मी पण हसलो. ते हसणं तोंडातून निघालं तेव्हाच मले घाण वाटलं, पण निघालं. "इकडं कसा पण तू?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, शाळेच्या ऑफिसात काम होतं. खोटं नव्हतं. त्याले हा झेंडा कोणं शिवला ते माहीत नव्हतं. आणि माझ्या डिक्कीत दुसरा झेंडा होता, तेही.

आता मी प्राचार्यांच्या खोलीबाहेर बाकावर बसलो आहे. आतून पंख्याचा आवाज येते, मधातच कोणाचा तरी खाकरा. इतिहासाच्या चारुलता मॅडम आत आहेत. मीच शाळेत फोन करून वेळ मागितली, सरांनी अकरा वाजता बोलावलं, अकरा होऊन गेले. पँटचा गुडघा ओला आहे, कापड कातडीले चिकटून राहिलं. मांडीवर पिशवी, पिशवीत दुसरा झेंडा. मी आत जाऊन दोन वाक्यं बोललो तं मॅडमची नोकरी वाचू शकते. मॅडमनं दोन झेंडे सांगितले होते, दुसरा माझ्यामुळं आला नाही. बस. शाळेले एवढंच पाहिजे. आणि तेच बोललो तं महाल भागातल्या दुकानातलं माझं काम जाते, कारण दुकानमालक रुपरावकाकांले सुट्टी मागितली तं त्यांनी सकाळीच फोनवर सांगितलं, "दुकानाचं नाव तुझ्या तोंडातून निघालं तं इकडं येऊच नको. त्या पोट्ट्यांचा सीझनचा माल आपल्याकडं आहे, समजलं का?" समजलं. मले सगळं समजते. मग हँडल काहून वळलं, एवढंच समजून नाही राहिलं.

दुकान म्हणजे महालात एका बोळीत दहा बाय बावीसची खोली. चार मशीन, एक ओव्हरलॉक, वर माळ्यावर कापडाचे ताके. आम्ही सगळ्यांचे झेंडे शिवतो. भगवे, निळे, हिरवे, लाल, पंचशीलाचे, वेगळ्या विदर्भाचे, कोण्या बँडपार्टीचे. एका मशीनवर ज्याचा झेंडा असते त्याच्या बाजूच्या मशीनवर त्याच्या दुश्मनाचा असते. काका म्हणते, कात्रीले पक्ष नसते. पण नियम लावले ते काकांनी नाही, इंदुताईनं. इंदुताई तिथं तीस वर्षांपासून बसते, डोळ्याले जाड चष्मा, तोंडात सुपारी. मी कॉलेज सोडून तिथं गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी खाली पडलेल्या झेंड्याच्या तुकड्यानं मशीनचं तेल पुसलं. तिनं हातातून तुकडा ओढून घेतला. "काहून गा, बनियन नाही का तुले पुसायले?" म्हणे. मले वाटलं तो देवाचा असन. मी पाहिलं तं ज्या पार्टीले ती रोज शिव्या देते त्या पार्टीचा होता. मी ते बोललो. ती म्हणे, "शिव्या मी तोंडानं देतो. पाय नाही लावत." मग तिनं मले पोतं दाखवलं. सगळ्या झेंड्यांच्या चिंध्या त्या एका पोत्यात जातात, त्यानं पुसायचं नाही, त्याच्यावर बसायचं नाही. आणि घडी नेहमी दोघांनी करायची. एकट्यानं केली तं खालचं टोक जमिनीले लागते. डिलिव्हरीच्या वेळी दुसरं टोक गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचं. तो शिलाई पाहते, आपण शिलाई दाखवतो, मग दोघं मिळून घडी. मोठे मोठे नेते आमच्या बोळीत टोक धरून उभे राहिले आहेत. सुशीलभाऊ तं शंभर वेळा.

चारुलता मॅडम जुलैत आल्या. ह्या शाळेत इतिहास शिकवतात. स्कुटी बोळीत शिरत नव्हती म्हणून पायी आल्या, घामानं भिजलेल्या, आणि मोबाईलमधले दोन फोटो दाखवले. "मला शाळेच्या प्रदर्शनासाठी दोन्ही पाहिजेत. चार बाय सहा. एक हा, युनियन जॅक. आणि एक हा." दुसरा मी कधी पाहिला नव्हता. वर पांढरा, मधात हिरवा, खाली लाल, आणि तिन्हीवर पसरलेला चरखा. त्यांनी मशीनच्या पाटीवर टेकून सांगितलं की शंभर वर्षांपूर्वी आपल्या ह्याच नागपुरात हा झेंडा हातात धरून सिव्हिल लाइन्सकडं निघालं की पकडत होते. लोक बाहेरगावाहून यायचे. निघायचे, पकडले जायचे, दुसऱ्या दिवशी दुसरे निघायचे. महिनोन्महिने. "फक्त चालत जायचे रे. झेंडा धरून. बस." मी म्हटलं, मॅडम, मग हा इंग्रजांचा कशाले? त्या म्हणाल्या, "मुलांना बंदी दिसली पाहिजे ना. नुसता चरखा लावला तर त्यांना वाटेल, हे तर पहिल्यापासून आपलंच होतं, ह्यात काय मोठं." इंदुताईनं चष्म्यावरून पाहिलं. "शिवून दे वं तिले," असं ती मलेच म्हणाली, घाईत असली की ती माणसालेही बाईचं वं लावते.

आणि आता खरं. मी ते कोणाले सांगितलं नाही. युनियन जॅक शिवताना मले मजा आली. तिरंगा मी डोळे मिटून शिवतो, तीन पट्ट्या, नेफा, झालं. भगवा तं नुसती कापणी. पण ह्याच्यात आठ तिरप्या पट्ट्या मधात येऊन थांबतात आणि लाल तिरपी पट्टी पांढरीच्या मधोमध नसते, एका अंगाले सरकलेली असते. म्हणजे त्या झेंड्याले वर-खाली असते. उलटा लावला तं बहुतेकांले समजत नाही. मी तीन व्हिडिओ पाहिले, कागदावर काढला, दोनदा उसवला. चौथ्या दिवशी पट्ट्या मधात बरोबर जुळल्या तेव्हा मी उठून पाणी प्यालो आणि परत येऊन पाहिला. ज्यांनी दोनशे वर्षं इथं राज्य केलं त्यांचा झेंडा, आणि मी त्याच्याकडं पाहून खूश. मी तो वरून खालून पाहात होतो. चरख्याले हात लावायचं मन झालं नाही. चरख्यात चाक आहे, आरे आहेत, चाती आहे, ते सगळं कापून चिकटवून शिवायचं, किचकट काम. वरून पंधरा ऑगस्टची गर्दी. मॅडमचा फोन आला की मी म्हणायचो, होऊनच राहिला मॅडम. एक तुकडा कापला नव्हता. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्या पहिला घेऊन गेल्या. टोक धरलं, शिलाई पाहिली, मरून दोरा त्यांनाही दिसला नाही. "आणि दुसरा?" मी म्हटलं, "उद्या सकाळी नऊच्या आत शाळेत आणून देतो." असं तोंड वर करून म्हटलं. मले माहीत होतं की होणार नाही. म्हणायच्या वेळेसच माहीत होतं.

नऊ वाजता हॉलमध्ये पालक आले. एका भिंतीवर झेंडा, बाजूची भिंत रिकामी. रिकाम्या भिंतीखाली चिठ्ठी चिकटवलेली, 'ह्या झेंड्यावर बंदी होती.' वर काहीच नाही. कोणीतरी फोटो काढला, त्यात चिठ्ठी आली नाही, भिंत आली नाही, फक्त युनियन जॅक आला आणि त्याच्यासमोर गणवेशातली पोरं. साडेनऊपर्यंत तो माझ्याच मोबाईलवर आला, आमच्या कोराडीच्या ग्रुपवर. खाली लिहिलं होतं, बेसात राणीचं राज्य परत आलं का? मी तेव्हा दुकानात चरख्याचं चाक कापत होतो. कात्री तशीच धरून मी तो फोटो मोठा केला. पट्ट्या काय बरोबर बसल्या होत्या. पहिला विचार हा आला. देवाशपथ, पहिला हाच आला.

कोराडीत माझं बालपण गेलं. बाप तिथल्या वीजकेंद्रात ठेक्यावर राखेच्या कामाले होता, आम्ही कॉलनीच्या मागच्या चाळीत. तिथं दोरीवर पांढरं कापड वाळवलं की संध्याकाळी भुरकं होते. आमच्या पत्र्यावर पंचशीलाचा झेंडा होता, दर वर्षी दसऱ्याले नवीन. मी दहा वर्षांचा असन, एक दिवस सकाळी उठलो तं झेंडा वर नाही. नालीत होता. काडी मोडलेली. बाप शिफ्टवरून आला, केसात राख, डब्याची पिशवी हातात. त्यानं पाहिलं. मले वाटलं आता हा ओरडन, कोणाच्या तरी दारावर जाईन. तो नालीत वाकला, झेंडा काढला, बादलीत घातला. तीन पाणी बदललं. मग एक टोक मले दिलं, एक त्यानं धरलं, आणि आम्ही दोघांनी पिळला. माझे हात पुरत नव्हते तं तो माझ्या बाजूनं जास्त वळायचा. कोणं केलं, एका शब्दानं विचारलं नाही. वाळला की लावला आणि झोपला. आता बाकावर बसून मी स्वतःलेच म्हणतो, हे त्याच्यासारखं नाही लेका. तो आमचा होता. त्यात आमचं माणूसपण होतं. बाहेर रस्त्यावर पडला तो ज्यांचा आहे त्यांनी माणसांवर गोळ्या झाडल्या. त्याच्यावरून चाक गेलं तं कोणाचं काय दुखते? सुशीलभाऊले राग येते तं त्यानं पाय पुसावे, तेही त्याचं बोलणंच झालं. मॅडमनं भिंतीवर लावून सांगितलं, तो रस्त्यावर अंथरून सांगते. मग मॅडमची नोकरी जाते आणि त्याचा व्हिडिओ फिरते, हे कसं? आणि हँडल काहून वळलं?

काल दुपारी मॅडमले फोन केला. म्हटलं, दुसरा पूर्ण झाला, मी उद्या येतो, सांगतो की चूक माझी. त्या म्हणाल्या, "तू येऊ नको रोशन. आलास तर मात्र खरं ते सांग. मला वाचवायला येऊ नको."

आतून आवाज आला. मी उठलो.

प्राचार्य सर वाईट माणूस नाही. माझा गुडघा पाहून त्यांनी आधी डेटॉल आणि कापूस मागवला. बाजूले संस्थेचे एक काका, पांढरा शर्ट, मोबाईल उलटा ठेवलेला. मॅडम खिडकीकडच्या खुर्चीत, मांडीवर पर्स. खिडकीतून गेट दिसत होतं.

"मॅडमनी दोन झेंडे सांगितले होते, हे खरं?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"मग एकच कसा लागला?"

"मी खोटं बोललो होतो. दुसरा होऊन राहिला म्हणून सांगत होतो. मी तो सुरूच नव्हता केला." पिशवीतून झेंडा काढून मी टेबलावर ठेवला. माझा आवाज मलेच दुसऱ्याचा वाटला. "महालातल्या दुकानात शिवला. मीच शिवला, दोन्ही."

सरांनी श्वास सोडला. पांढऱ्या शर्टवाले काका पण खुर्चीत मागं टेकले. "झालं मग! विषय संपला," सर म्हणाले आणि एक टाईप केलेला कागद मॅडमकडं सरकवला. "कारागिराच्या चुकीमुळे व अनवधानाने, असं आहे. एक सही करा. मी गेटवर वाचून दाखवतो, ते लोक जातील, आपण पंधरा ऑगस्टच्या तयारीला लागू."

मॅडमनं कागद वाचला. त्यांचं वाचून झालं तरी नजर कागदावरच होती. मग त्यांनी माझा झेंडा पुढं ओढला, उलगडला, चाकावर बोट फिरवलं. "सातच आरे?"

"फोटोत आठ होते मॅडम. आठवा बसला नाही."

त्या हसल्या. थोडंसंच. मग सरांना म्हणाल्या, "अनवधानाने नाही सर. मी लावला."

"अहो, पण दुसरा आला नाही म्हणून—"

"दुसरा आला असता तर दोन्ही लावले असते. नाही आला तरी पहिला लावला. पोरं दारात उभी होती, मी त्यांना रिकामी भिंत दाखवून सांगत होते, इथं काय नाही ते बघा. फोटोत ते नाही आलं. पुस्तकातला धडासुद्धा इंग्रजांपासूनच सुरू होतो. पहिलं पान उघडलं म्हणून मी इंग्रजांची होते का?"

"मॅडम, हे कायद्याचं नाही, भावनेचं आहे," पांढऱ्या शर्टवाले काका म्हणाले.

"माझीपण आहे ना भावना. माझी कोणी विचारली?" मग त्या माझ्याकडं वळल्या. "तू खरं बोललास, बरं केलंस. उशीर तुझा, तो तुझ्याजवळ ठेव. पण तुझ्या उशिरामागं मी लपले तर उद्या तो एकच झेंडा लावणं हा गुन्हाच ठरतो. समजतंय का?"

समजलं. आणि त्याच वेळेस मले असं वाटलं की माझ्या हातात जे एकुलतं एक द्यायसारखं होतं ते मी दिलं आणि ते कोणाच्याच कामाचं नाही. काम गेलं माझं. नोकरी त्यांचीही जाऊनच राहिली. सर हळूच म्हणाले, "मग मॅडम, पंधरा ऑगस्टला येऊ नका. पुढचं आम्ही कळवू." मॅडमनं मान हलवली. कपाटातून आपला डबा काढला, खडूची पेटी तशीच राहू दिली. चरख्याचा झेंडा टेबलावर पसरलेला होता. त्यांनी एक टोक मले दिलं. आम्ही दोघांनी त्याची घडी केली, सर आणि ते काका पाहात राहिले, आणि मॅडमनं तो पर्समध्ये घातला. पर्सची चेन लागली नाही. खिडकीपाशी त्या जरा थांबल्या. बाहेर सिटी बस रस्त्यावरच्या झेंड्यावरून गेली. "तो शाळेतून नेलाय त्यांनी, न विचारता," त्या म्हणाल्या. "कधी परत शिकवायला उभी राहिले तर आता माझ्याकडं अर्धाच धडा आहे." हे त्या मले म्हणाल्या की खिडकीले, माहीत नाही.

गेटबाहेर ऊन तापलं होतं. सुशीलभाऊची पोरं टपरीच्या सावलीत चहा पिऊन राहिली होती. मी गाडीकडं गेलो नाही. दोन कार जाऊ दिल्या आणि रस्त्यावर जाऊन एका कोपऱ्यावरची वीट उचलली. मग दुसरी, तिसरी, चौथी.

"ओ! काय करून राहिला बे?" सुशीलभाऊ ग्लास ठेवून आला.

"घेऊन चाललो भाऊ."

"तुझ्या बापाचा आहे का?" मागून कोणीतरी.

"मी शिवला," मी म्हटलं. मोठ्यानं म्हणायचं नव्हतं, मोठ्यानं निघालं. "हा मी शिवला भाऊ. पाहा, लाल पट्टीत मरून दोरा आहे."

मागं हॉर्न वाजून राहिले होते. सुशीलभाऊनं वाकून दोरा पाहिला. खरंच पाहिला, डिलिव्हरीच्या वेळेस पाहते तसा, अंगठ्यानं टाका दाबून. "खरंच मरून आहे बे," तो म्हणाला, आणि मग जसं काही आपण काय बोललो ते त्याले ऐकू आलं.

मी वरचे दोन कोपरे धरून उचलले. टायरचे काळे पट्टे, तेल, शेण. खालची बाजू डांबरावर घासत होती. चार बाय सहा एकट्यानं होत नाही. मी हात उंच केले तरी टोक खालीच. मी तसाच उभा, हात वर, तोंडासमोर कापड, पलीकडं काही दिसत नव्हतं. कापड एकदम ताणलं गेलं. मले वाटलं ओढून फाडते आता. हात खाली घेतले तं समोर सुशीलभाऊ होता, खालचे दोन कोपरे धरून. मले नाही वाटत त्यानं धरले. त्याच्या हातांनी धरले. आम्ही झटकला. बारीक गिट्टी डांबरावर पडली. पहिली घडी झाली. दुसरीले आम्ही एकमेकांकडं चालत आलो, नेहमीसारखे, आणि त्याची बोटं माझ्या बोटांले लागली.

"भाऊ, तुम्ही काय करून राहिले?" टपरीवरून कोणीतरी ओरडलं. त्याच्या हातात मोबाईल उभा होता.

सुशीलभाऊनं आपल्या हातांकडं पाहिलं. मग सोडले. माझ्याच छातीवर सोडले, खाली नाही. "आता मले पण उत्तर द्या लागन," तो हळूच म्हणाला. "समजते का तुले?"

"हो भाऊ."

उरलेली घडी मी छातीशी धरून एकट्यानंच केली. शर्टावर टायरचा काळा पट्टा उतरला. गेटमध्ये चारुलता मॅडम उभ्या होत्या, उघडी पर्स खांद्याले लावून. मी त्यांच्याकडं निघालो. खिशात फोन वाजून राहिला होता, रुपरावकाकांचाच असन. माझे दोन्ही हात भरलेले होते.